टाटा 407 ट्रकचं पुढचं चाक हलतंय? आधी खेळ (ढिलेपणा) कुठला ते ओळख

भावा, लगेच किंगपिनचं (पुढचं चाक ज्या उभ्या पिनवर वळतं तिचं) किट मागवू नकोस. मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लाव, पुढचा ॲक्सल जॅकने उचल आणि स्टँडवर टेकव. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरायचं नाही म्हणजे नाही!

चाक वर-खाली धरून हलव, कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांग. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर चाकाचं बेअरिंग सैल. तरीही राहिला तर किंगपिन किंवा तिचं बुश (पिनभोवतीची नळी) झिजलंय.

नवं बुश ठोकताना त्याचं भोक ग्रीस निपलच्या (ग्रीस भरायच्या तोंडाच्या) भोकाशी जुळव. हे चुकलं की ग्रीस आत पोचतच नाही, नवी पिनही लवकर झिजते. रिमिंग (बुशचं भोक पिनच्या मापाचं करणं) मात्र लेथवाल्याकडूनच करून घे. पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) खोललेस तर ते ॲक्सलला आवळणारे यू-बोल्ट नवे टाक, थोडी गाडी चालवून पुन्हा आवळ.