वकील माणूस ग्राहक संस्थेचा प्रमुख होऊ शकतो का?

हो, आणि वकिली तिथे रोज कामी येते. रोडा कार्पॅटकिन यांचंच बघा. वस्तूंची चाचणी करून निकाल मासिकात छापणाऱ्या, अमेरिकेतल्या कन्झ्युमर्स युनियन (आताचं नाव कन्झ्युमर रिपोर्ट्स) या ना-नफा संस्थेच्या त्या आधी कायदेशीर सल्लागार होत्या. १९७४ साली कार्यकारी संचालक झाल्या, त्या २००१ पर्यंत.

या पदावर सगळ्यात कसोटी लागते ती विश्वासार्हता जपताना. ही संस्था आपल्या मासिकात जाहिरात घेत नाही, चाचणीसाठीच्या वस्तू दुकानातून विकत आणते. म्हणजे पैसा मुख्यतः वाचकांकडून आणि देणग्यांतून उभा करायचा. शिवाय कंपन्या कोर्टात खेचतात ते वेगळंच. १९७० साली मासिकाने बोस कंपनीच्या स्पीकरबद्दल लिहिलं की वाद्यांचे आवाज खोलीभर भटकल्यासारखे वाटतात. एवढ्या वाक्यावरून खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. खालच्या कोर्टात संस्था हरली होती. १९८४ मध्ये अंतिम निकाल तिच्या बाजूने लागला. तोवर चौदा वर्षं उलटली होती! मला तर हीच या पदाची खरी परीक्षा वाटते.

तुम्हाला या क्षेत्रात यायचं असेल तर कायदा, अर्थशास्त्र किंवा अभियांत्रिकी, काहीही चालेल. पण सुरुवात तक्रार निवारणापासून करा. लोक कुठे फसतात, ते तिथेच कळतं.