सेलेरीत काम पुढच्या वेळेवर टाकण्याआधी
जँगो या वेब फ्रेमवर्कला सेलेरी (कामं मागे वेगळी चालवणारं साधन) नुकतंच जोडलंयस, तर आधी एवढं पक्कं कर: तेच काम दोनदा चाललं तरी काही बिघडता कामा नये. ब्रोकर (कामांची रांग सांभाळणारा) रेडिस असेल तर व्हिजिबिलिटी टाइमआउट, म्हणजे वर्करकडून (काम चालवणाऱ्या प्रोसेसकडून) पोच यायची मुदत, मुळात १ तासाचा असतो. तू ईटीए (काम कधी चालवायचं ती वेळ) देऊन काम ५ तासांनी ठेवलंस, की तासाभरात पोच न मिळाल्यामुळे ते दुसऱ्या वर्करकडेही जातं आणि तोच ईमेल पुन्हा पुन्हा सुटतो. माझ्या दोन रात्री यात गेल्यात. म्हणून लांबची वेळ डेटाबेसात नोंदव आणि बीटकडून (सेलेरीचं वेळापत्रक चालवणारा भाग) दर मिनिटाला तपासून घे. बीट मात्र एकच चालू ठेव.

आणि हो, कामाला अख्खा ऑब्जेक्ट देऊ नकोस. आयडी दे, तोही ऑन-कमिटमधून (ट्रान्झॅक्शन पक्कं झाल्यावरच चालणारी जँगोची सोय). नाहीतर ट्रान्झॅक्शन पूर्ण होण्याआधीच वर्कर रेकॉर्ड शोधायला जातो.