‘पूर्वी चहा टाकायचे, आता कडी लावतात’

“मॅडम, पूर्वी मी गल्लीत शिरले की कुणीतरी चहा टाकायचं. आता कडी लावतात. माझं काय चुकलं?”

कोरोनाच्या काळात फोनवरच्या समुपदेशनात किती आशाताईंनी मला हे विचारलं, याची मोजदाद नाही. त्यातल्या एकीची गोष्ट तिच्या परवानगीनं सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

सातारा जिल्ह्यातलं हजार-बाराशे वस्तीचं गाव. ताई तिथल्याच सून, दहा वर्षांपासून आशा. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं तेव्हा कल्पनाच अशी होती, की साधारण हजार लोकांमागे गावातलीच एक बाई असावी. गरोदर बाईची नोंद, लसीकरणाची आठवण, बाळंतपणाला दवाखान्यात सोबत, आणि नंतर बेचाळीस दिवसांत घरी सहा भेटी. पगार नाही, कामागणिक मोबदला. या कामाचं भांडवल एकच, कुणाच्याही चुलीपर्यंत विनासंकोच जाता येणं.

मार्च २०२० नंतर हातातलं रजिस्टर बदललं. मुंबई-पुण्याहून कोण आलं, कोण खोकतंय, क्वारंटाइनचा शिक्का असून कोण बाहेर फिरतंय, याच्या याद्या. सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम आली आणि ताई ऑक्सिमीटर घेऊन घरोघर फिरू लागल्या. एका घरी सत्तरीतल्या आजोबांचा ऑक्सिजनचा आकडा जेमतेम ८८ आला. ताईंनी आरोग्य केंद्रात कळवलं, तासाभरात रुग्णवाहिका दारात.

आजोबा वाचले. पण गल्लीच्या तोंडाला बांबू बांधले गेले. डेअरीनं त्या घरचं दूध घेणं बंद केलं, दोन म्हशींचं दूध रोज ओतून द्यावं लागलं. घरातल्या सासूबाई ओट्यावरून ओरडल्या, “हिनंच नाव दिलं!” त्याच घरच्या सुनेला दीड वर्षापूर्वी ताईंनी रात्री दोन वाजता जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं होतं.

पहिल्या फोनला मी चुकले. त्यांना झोप येत नव्हती, म्हणून मी दीर्घ श्वसन सुचवलं. पलीकडून हसण्याचा आवाज आला. “दिवसभर लोकांचा श्वासच मोजतेय मी, मॅडम.” मग मी म्हटलं, तुम्ही एक जीव वाचवलात, लोकांना आज ना उद्या कळेल. त्यावर त्या गप्प झाल्या. असली शांतता मी ओळखते. समोरच्याला आपलं ऐकलं गेलं नाही, असं वाटतं तेव्हाची.

पुढच्या वेळी मी सल्ला बाजूला ठेवला आणि विचारलं, “त्या घरचं नेमकं काय गेलं?” खूप वेळानं त्या म्हणाल्या, “दूध गेलं. आणि मी त्यांना आधी काही सांगितलंच नाही. गाडी येईल, हे त्यांना गाडी आल्यावरच कळलं.”

इथं गाठ सापडली. माझ्या मते अशा वेळी ‘तुमची काहीच चूक नाही’ म्हणणं हे सांत्वन नसतं, ती टाळाटाळ असते. आम्ही दोन गोष्टी वेगळ्या केल्या. डेअरी, बांबू, गावाची भीती हे ताईंच्या हातातलं नव्हतं. दारात उभं राहून दोन वाक्यं आधी बोलणं हातातलं होतं. त्यांनी स्वतःच शब्द जुळवले: “नाव यादीत जाणार, ते मी लपवणार नाही. पण गाडी कधी येईल, कुठं नेतील, घरात कुणी थांबायचं, ते मी आधी तुम्हाला सांगीन.” शब्द माझे असते तर ते तिथल्या दारात टिकले नसते.

दुसरं ठरलं ते त्या घरी पुन्हा जायचं. पण बांबू निघाल्यावर आणि ऑक्सिमीटर न घेता.

मध्ये एकदा त्यांच्या नवऱ्याचं बोलणं त्यांनी सांगितलं: हजार रुपयांसाठी गावाचं वैर घेतलंस. केंद्राकडून कोविडच्या कामाचा जादा मोबदला महिन्याला हजार रुपये होता, दिवसाला तेहेतीसच्या आसपास. याला समुपदेशनात उत्तर नाही, आणि असल्याचा आव मी आणला नाही. जून २०२१ मध्ये राज्यातल्या आशांनी संप केला, त्यात ताईही गेल्या. त्या आठवड्यात त्यांचा आवाज मला सर्वांत मोकळा वाटला.

मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देशातल्या आशांचा सन्मान केला, तेव्हा मीच फोन लावला. बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. “हो, ग्रुपवर आलंय,” म्हणाल्या आणि लगेच दुसऱ्याच विषयावर गेल्या. त्या घरची सून मुलाला डोस द्यायला स्वतःहून घेऊन आली होती. सासूबाई अजून बोलत नाहीत, पण ताई गल्लीतून जाताना आता आत उठून जात नाहीत, ओट्यावर बसून राहतात.