वय ३६, बारावी झालेली नाही. मुक्त विद्यापीठातून थेट बी.ए. करून पुढे एल.एल.बी.ला प्रवेश मिळेल का?

ताई, तुम्ही लिहिलंय की दहावी पास आहात, अकरावीत असताना लग्न झालं आणि शिक्षण सुटलं. आता नाशिकच्या सिडकोत राहता, अंबडच्या कंपनीत पॅकिंगला जाता. मैत्रीण म्हणाली की मुक्त विद्यापीठात बारावी नसली तरी चालतं, थेट बी.ए. होतं. तसं करून पुढे वकील होता येईल का, वय आडवं येईल का, कागदपत्रांवर माहेरचं नाव आहे त्याचं काय, आणि ४५ टक्के अपंगत्व असलेल्या धाकट्या भावाला प्रवेशात काही सवलत आहे का, हे तुम्हाला विचारायचंय.

मी नाशिकच्याच एका कॉलेजात बरीच वर्षं प्रवेशाचं काम बघते. तुमच्यासारख्या बायका दर जून-जुलैत टेबलासमोर येतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वकील व्हायचं पक्कं असेल तर आधी बारावी करा. थेट बी.ए. करू नका.

मैत्रीण खोटं सांगत नाहीये. गंगापूर धरणाकडे जाताना गोवर्धनला जे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे, ते १९८९ साली स्थापन झालं तेच मुळी शाळा सुटलेल्या लोकांसाठी. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्यांचं ब्रीद. बारावी नसलेल्यांसाठी त्यांनी पूर्वतयारी शिक्षणक्रम काढला. अट एवढीच, की वय १८ पूर्ण हवं आणि मराठी लिहिता-वाचता यायला हवं. त्या वाटेने कितीतरी कामगार, गृहिणी, शेतकरी पदवीधर झाले. ज्याला पदवीच हवी आहे, त्याने त्या मार्गाने जाण्यात काहीच कमीपणा नाही.

पण कायद्याच्या शिक्षणाचे नियम विद्यापीठ ठरवत नाही, बार कौन्सिल ऑफ इंडिया, म्हणजे वकिलीवर देखरेख करणारी देशाची संस्था ठरवते. त्यांच्या २००८ च्या नियमांत स्पष्ट लिहिलंय की आधीचं पायाभूत शिक्षण नसताना मुक्त विद्यापीठातून थेट पदवी घेतलेला विद्यार्थी एल.एल.बी.च्या प्रवेशाला पात्र नाही. दहावी, मग बारावी, मग पदवी अशी साखळी त्यांना सलग लागते. बारावी बाहेरून केलेली चालते, पदवी मुक्त विद्यापीठाची चालते, मधली कडी गाळलेली चालत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २००९ मध्ये अन्नमलाई विद्यापीठाच्या प्रकरणात, पदवी नसताना थेट मिळवलेली एम.ए. ग्राह्य धरली नव्हती. तीन वर्षं अभ्यास करून, चांगले मार्क मिळवून, सीईटी (प्रवेशपरीक्षा) देऊन आलेल्या बाईला शेवटी 'बारावीची मार्कशीट दाखवा' म्हणावं लागतं तेव्हा फार वाईट वाटतं. ही गोष्ट पहिल्याच दिवशी कुणीतरी सांगायला हवी असते.

बारावीसाठी राज्य मंडळाचा १७ नंबरचा, म्हणजे बाहेरून परीक्षा देणाऱ्यांचा फॉर्म भरा. दहावी होऊन दोन वर्षं झालेली असली की भरता येतो, तुमची कधीच झाली. फॉर्म ऑनलाइन असतो आणि साधारण पावसाळ्यात निघतो. त्यात जवळचं एखादं ज्युनियर कॉलेज संपर्क केंद्र म्हणून निवडायचं आणि मूळ कागद तिथे नेऊन द्यायचे. रोजच्या हजेरीची अट नाही, तोंडी आणि प्रकल्पाला मात्र जावं लागतं. परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, इतरांच्या बरोबरीनेच. दुसरा पर्याय म्हणजे एनआयओएस, राष्ट्रीय मुक्त विद्यालय. तिथे सवडीने एकेक विषय सोडवता येतो आणि त्यांची बारावीही कायद्याने बारावीच आहे. तरी तुम्ही मराठी माध्यमातून शिकलात, म्हणून मी राज्य मंडळाची कला शाखा सुचवेन. एनआयओएसला जाणार असाल तर बारावीचं माध्यम आधी बघून घ्या.

आता नावाचं. यातच सगळ्यात जास्त वेळ जातो. प्लास्टिकच्या पिशवीतून एकेक कागद निघतो: दहावीची मार्कशीट माहेरच्या आडनावाची, मधलं नाव वडिलांचं. आधार कार्डावर सासरचं आडनाव आणि नवऱ्याचं नाव. बँकेच्या पासबुकात फक्त इंग्रजी आद्याक्षरं. शाळेच्या दाखल्यावर आईचं नाव एक आणि मार्कशीटवर दुसऱ्याच स्पेलिंगचं. कारकुनाने एखादा फॉर्म घेतला तरी पुढे ऑनलाइन पडताळणीत तो अडकतोच.

माझा सल्ला असा, की शिक्षणाचे सगळे फॉर्म दहावीच्या मार्कशीटवर जसं नाव आहे तसंच भरा. आडनाव आधी असेल तर आधी, स्पेलिंग चुकीचं वाटलं तरी तेच. बारावी, पदवी, एल.एल.बी. सगळीकडे एकच नाव राहू द्या. आधारवरचं नाव वेगळं आहे म्हणून विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र जोडा. लग्नाची नोंदणीच केली नसेल तर आता महापालिकेत करून घ्या, आणि राजपत्रात नावबदल छापून घेतलात तर बरेच प्रश्न मिटतात. मधल्या वर्षांसाठी गॅपचं प्रतिज्ञापत्र मागतात. 'या काळात कुठेही प्रवेश घेतला नव्हता' एवढंच त्यात लिहायचं असतं. लोक त्याला उगाच घाबरतात. शाळा सोडल्याचा मूळ दाखला अकरावीच्या कॉलेजात जमा असणार, तो आधी सोडवून आणा. जुन्या रजिस्टरमधून शोधायला त्यांना वेळ लागतो, म्हणून फॉर्म निघायची वाट बघू नका. आणि मार्कशीट कुणी कितीही सांगितलं तरी लॅमिनेट करू नका.

बारावी झाली की मग मुक्त विद्यापीठात बी.ए.ला खुशाल प्रवेश घ्या. नोकरी सांभाळून होतं, पुस्तकं मराठीत असतात, रविवारी अभ्यासकेंद्रावर समंत्रक, म्हणजे शिकवणारे मार्गदर्शक भेटतात. ही पदवी कमी दर्जाची, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे, हे यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा जाहीर केलंय. फक्त पास होण्यापुरता अभ्यास करू नका. तीन वर्षांच्या एल.एल.बी.ला पदवीत खुल्या गटाला ४५ टक्के लागतात, ओबीसीला ४२ आणि अनुसूचित जाती-जमातींना ४०. पहिल्या वर्षी 'पास झाले, बास' म्हणणाऱ्या बायका तिसऱ्या वर्षी एकेका टक्क्यासाठी रडताना मी पाहिल्यात.

तुम्ही ओबीसी असल्याचं लिहिलंय. जातीचा दाखला माहेरच्या बाजूने, वडिलांच्या कागदांवरून निघतो. लग्नाने जात बदलत नाही. नॉन क्रिमीलेअरसाठीही आईवडिलांचं उत्पन्न बघतात, नवऱ्याचं नाही. सेतू केंद्रात कुणी नवऱ्याचा उत्पन्नाचा दाखला मागितला तर हे शांतपणे सांगा. जात पडताळणीला महिने जातात, ती एल.एल.बी.च्या तोंडावर काढायला घेऊ नका.

आणखी एक गोष्ट आधीच लक्षात घ्या. एल.एल.बी. बाहेरून होत नाही. ७० टक्के हजेरी लागते, म्हणजे त्या तीन वर्षांत कंपनीची शिफ्ट बदलावी लागेल किंवा नोकरी सोडावी लागेल. त्यासाठी आतापासून थोडे पैसे बाजूला टाका आणि घरात बोलून ठेवा.

वयाचं म्हणाल तर काळजी सोडा. बार कौन्सिलने तीन वर्षांच्या कोर्सला ३० वर्षांची मर्यादा घातली होती, तिला सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्थगिती दिली. पंचेचाळिशीनंतर सनद, म्हणजे वकिलीचा परवाना द्यायचा नाही असाही एक नियम होता, तो १९९५ मध्येच रद्द झाला. बारावी, पदवी, एल.एल.बी. वेळेत झालं तर चव्वेचाळिशीच्या आसपास तुम्ही सनदेसाठी अर्ज कराल. वीस वर्षं वकिली करता येईल एवढा काळ त्यानंतरही हातात आहे. नाशिकच्या कोर्टात घरगुती हिंसाचाराच्या, पोटगीच्या केसेस घेऊन येणाऱ्या बायकांना, ज्यांनी संसार केलाय अशा वकिलाची किती गरज आहे, हे मी तुम्हाला सांगायला नको.

भावाबद्दल. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असेल तर सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव असतात आणि वयाच्या कमाल मर्यादेत पाच वर्षांची सूट मिळते. तो ४५ टक्क्यांवर आहे, म्हणजे पात्र आहे. त्याच्याकडे हाताने लिहिलेलं जुनं सर्टिफिकेट असेल तर ते आता पुरत नाही. यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, ऑनलाइन अर्ज करून जिल्हा शासकीय रुग्णालयात तपासणी करून घ्या. लिहायला त्रास होत असेल तर परीक्षेत लेखनिक आणि जादा वेळ मिळतो, पण त्याचा अर्ज परीक्षेच्या फॉर्मबरोबरच द्यावा लागतो. हॉल तिकीट आल्यावर धावपळ करून उपयोग होत नाही. त्याचं शिक्षण कुठवर झालंय ते तुम्ही लिहिलेलं नाही. तेवढं कळवा, म्हणजे त्याला कोणत्या कोर्सला जाता येईल तेही सांगते.