विघ्नसंतोषी कोण आणि ‘बरी जिरली’ म्हणजे नेमकी कोण जिरली?

परभणीच्या एका ताईंचा प्रश्न आहे: दुसऱ्याचं वाईट झालं की होणाऱ्या आनंदाला जर्मन भाषेत ‘शाडनफ्रॉइड’ म्हणतात. मराठीत त्याला ‘विघ्नसंतोष’ म्हणावं, ‘आसुरी आनंद’ म्हणावं, की आपलं ‘बरी जिरली’च पुरे?

ताई, आधी ‘विघ्नसंतोषी’, कारण या शब्दाची रोज चाललेली ओढाताण आता ऐकवत नाही. ‘काही विघ्नसंतोषी लोकांनी मिरवणुकीवर दगड मारले’, ‘विघ्नसंतोषी मंडळींनी रस्त्याचं काम बंद पाडलं’. अहो, दगड मारणारा विघ्नकर्ता! विघ्नसंतोषी तो, जो बोटही न हलवता पारावर बसून दुसऱ्याचं अडलेलं काम बघतो आणि मनातून सुखावतो. शब्दात संतोष आहे, करणं कुठंच नाही. याच कारणानं ‘परपीडानंद’ही चालणार नाही, त्यात पीडा देणं येतं. जर्मन शब्दात ‘शाडन’ म्हणजे नुकसान आणि ‘फ्रॉइड’ म्हणजे आनंद. तेव्हा ‘विघ्नसंतोष’ चपखल बसतो, नवा शब्द पाडायची गरज नाही.

पण खरा ऐवज आहे ‘जिरली’त. ‘सरपंचाची जिरली’ असं आपण म्हणतो, ‘सरपंच जिरला’ असं कुणी म्हणत नाही. क्रियापद स्त्रीलिंगी का? कारण कर्ता सरपंच नाहीच. गाळलेला कर्ता आहे मस्ती, रग, गुर्मी, नाहीतर खोड. माणूस शाबूत राहतो, त्याची मस्ती तेवढी जिरते. एवढा बारीक भेद आपल्या आज्यांनी एका ‘ली’मध्ये ठेवलाय आणि शिकलेले लोक या प्रयोगाला गावंढळ म्हणतात, याचा मला मनापासून राग येतो.

जर्मन तत्त्वज्ञ शोपेनहाउअरनं १८४०च्या सुमारास लिहिलं की हेवा वाटणं मानवी, पण दुसऱ्याच्या हानीत आनंद मानणं सैतानी. आपल्याकडचे ‘आसुरी आनंद’वाले त्याचीच री ओढतात. मला हे साफ अमान्य आहे. त्याच्याजवळ एकच शब्द होता, म्हणून दोन वेगळ्या गोष्टी त्यानं एकाच पोत्यात भरल्या. ऑस्ट्रेलियातले मानसशास्त्रज्ञ नॉर्मन फेदर यांनी उंचावर पोचलेल्यांच्या पडण्याचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्यांना दिसलं ते असं: ज्याचं यश लोकांना अनाठायी वाटतं, तो पडला की लोक जास्त सुखावतात. ही झाली ‘जिरली’. दुसरा प्रकार हेव्याचा. २००९मध्ये जपानमधल्या ताकाहाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूच्या प्रतिमा घेतल्या. ज्याचा हेवा वाटतो त्याचं वाईट झाल्याचं वाचताना, बक्षीस मिळाल्यावर जागा होणारा मेंदूचा भाग जागा झाला. त्या माणसानं कसला माज केलेला असायची गरजच नव्हती. हा झाला विघ्नसंतोष.

म्हणून काढणीला आलेलं सोयाबीन अतिवृष्टीत गेलं आणि भावकीतला कुणी ‘बरी जिरली’ म्हणाला, तर तो निर्दयी तर आहेच, शिवाय चुकीचं मराठी बोलतोय. जिरायला तिथं मस्ती होती कुठं?

आता व्युत्पत्ती. संस्कृत ‘जॄ’, त्यातून ‘जीर्यति’, आणि पुढं आपलं जिरणे. जीर्ण, अजीर्ण, जर्जर, जरा, सगळी याच घरातली. पचनाला लागणारं जिरंही याच घरातलं मानतात. काही जाणकार सांगतात की ‘मस्ती जिरणे’ हे रानात पाणी जिरण्यावरून आलं. मराठवाड्यात ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ भिंतीभिंतीवर वाचून असं वाटणं साहजिक आहे, पण मला पटत नाही. पाण्याची कुणाशी झुंज नसते. ही जिरवाजिरवी पोटातली आहे, आणि माझ्या मते तिचं मूळ अगस्तीच्या गोष्टीत आहे.

इल्वल आणि वातापी हे असुर भाऊ. इल्वल वातापीला बोकड करायचा, कापून शिजवायचा, पाहुण्या ब्राह्मणाला वाढायचा आणि जेवण झालं की भावाला हाक मारायचा. मग वातापी पाहुण्याची कूस फाडून बाहेर यायचा. महाभारताच्या वनपर्वात तिथं एक शब्द आहे, ‘प्रहसन्’. हसत हसत बाहेर यायचा! निरपराध माणूस मरतोय आणि हा हसतोय. ‘आसुरी आनंद’ म्हणायचंच असेल तर याला म्हणा. मग अगस्तीची पाळी येते. तो सगळं खाऊन बसतो, इल्वल हाक मारतो, आणि रामायणाच्या अरण्यकांडात अगस्ती विचारतो की मी जिरवलेला राक्षस बाहेर येईल कसा? ‘मया जीर्णस्य रक्षसः’ हे त्याचे शब्द. हे बोलताना तोही हसतो. एकाच गोष्टीत दोन हसणी आहेत, आणि अगस्तीच्या हसण्यासोबत जिरण्याचाच धातू आलाय. याहून मोठा पुरावा मला नको.

आणि ही गोष्ट आपल्यापासून लांबची नाही. महाभारत इल्वलाच्या नगरीला मणिमती म्हणतं, पण वेरूळचं जुनं नाव एलापूर, आणि ते इल्वलाशी जोडणारी दंतकथा आपल्याकडे आहे. जेवणानंतर पोटावरून हात फिरवत ‘अगस्तिं कुंभकर्णं च’ हा अन्न पचावं म्हणूनचा श्लोक म्हणणारी माणसंही अजून भेटतात. वेरूळ, कन्नड, खुलताबादकडच्या कुणाच्या घरी त्या वेळी वातापीचं नाव घेऊन मराठीत काही म्हणत असतील, तर ते शब्द जसेच्या तसे मला हवे आहेत.