अमेरिकेतल्या नामांकित कॉलेजांसाठी अकरावीतल्या मुलीने कोणत्या ॲक्टिव्हिटीज निवडाव्यात?

तुम्ही लिहिलंय की मुलगी पुण्यात अकरावी सायन्सला आहे आणि समुपदेशकाने एनजीओ काढणं, रिसर्च पेपर छापून आणणं आणि मॉडेल युनायटेड नेशन्स (विद्यार्थ्यांनी भरवलेली संयुक्त राष्ट्रांची नकली सभा) अशी तीन कामं लावून दिली आहेत. तिला स्वतःला काय आवडतं, ते मात्र प्रश्नात कुठेच नाही.

मी अमेरिकेत असतो आणि माझ्या जुन्या विद्यापीठासाठी अर्जदारांच्या मुलाखती घेतो. (निवड आमच्या हातात नसते, आम्ही फक्त अहवाल पाठवतो.) अकरावीत काढलेल्या एनजीओ पुष्कळ भेटतात. 'सध्या काय काम चाललंय?' असं विचारलं की बरेचदा बाबांच्या ओळखीपाशी गाडी अडते. पैसे भरून छापलेल्या पेपरचंही तेच. मॉडेल युनायटेड नेशन्सला तिला मजा येत असेल तर खुशाल जाऊ द्या.

आधी फॉर्म बघा. कॉमन ॲपमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या बऱ्याच कॉलेजांना चालणाऱ्या सामायिक ऑनलाइन अर्जात, जास्तीत जास्त 10 उपक्रम लिहिता येतात आणि प्रत्येकाच्या वर्णनाला मोकळ्या जागा धरून 150 अक्षरं मिळतात. शिवाय आठवड्याला किती तास आणि वर्षातले किती आठवडे, हेही विचारतात. अमेरिकेतल्या एमआयटीचा (मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) फॉर्म वेगळा, तिथे चारच उपक्रम मागतात. दहाच्या दहा रकाने भरायची सक्ती कुणीच केलेली नाही.

आता तिच्याकडे आधीपासून काय आहे ते शोधा. समजा ती लहानपणापासून तबला शिकतेय. 'मध्यमा पूर्ण' एवढंच लिहिलं तर बोस्टनमध्ये बसून अर्ज वाचणाऱ्याला काही कळणार नाही. गांधर्व मंडळाच्या परीक्षांमधली ती पाचवी पायरी, पुढे विशारद, किती वर्षं शिकतेय, रोज किती रियाझ, क्लासमधल्या लहान मुलांना ती शिकवते का, हे सगळं त्या 150 अक्षरांत बसवायचंय. ढोल-ताशा पथकात असेल तर गणपतीपर्यंतचे जेवढे आठवडे सराव असतो तेवढेच लिहा. कमी दिसले तरी चालतील.

आपल्याकडचे पालक एक गोष्ट हमखास गाळतात. कॉमन ॲपमध्ये उपक्रमाचा प्रकार निवडायची जी यादी असते, तिच्यात 'कौटुंबिक जबाबदाऱ्या' आणि 'पगारी काम' हे पर्यायही आहेत. आजीला डायलिसिसला नेणं, दुकानाच्या जीएसटीचा हिशोब, धाकट्या भावाचा अभ्यास घेणं, हे तिथे बिनधास्त लिहावं. हार्वर्डच्या शिक्षणशास्त्र विभागातून 2016 साली निघालेल्या अहवालानेही कॉलेजांना हेच सांगितलं: घरच्या कामाला मान द्या आणि उपक्रमांची संख्या मोजत बसू नका.

कॉमन ॲपचा नवा हंगाम 1 ऑगस्टला सुरू होतो आणि बऱ्याच कॉलेजांची नेहमीची मुदत जानेवारीच्या सुरुवातीला संपते, म्हणजे ऐन बारावीच्या बोर्डाच्या तोंडावर. तेव्हा वर्णनांचा कच्चा मसुदा मे महिन्याच्या सुट्टीतच करून घ्या, आणि तो तिलाच लिहू द्या.