सगळीकडे ईपर्म नको
लिनक्स कर्नलसाठीचा (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यासाठीचा) तुझा पॅच, म्हणजे कोडमधला बदल, पाहिला. ऑथेंटिकेशन (ओळख पडताळणी) कुठेही फसलं की तू सरळ उणे ईपर्म, म्हणजे ‘परवानगी नाही’ हा एरर कोड, परत करतोस. मग नेमकं काय बिघडलं ते कळणार कसं? लिनक्समध्ये फ्रीबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमसारखा ईऑथ हा ऑथेंटिकेशन फसल्याचा कोड नाही, पण गुप्त किल्ली (की) सापडली नाही तर ईनोकी, मुदत संपली तर ईकीएक्सपायर्ड, रद्द झाली तर ईकीरिव्होक्ड, नाकारली गेली तर ईकीरिजेक्टेड आहे. एक्स८६ प्रोसेसरांवर या कोडचे आकडे १२६ ते १२९. मिप्स प्रोसेसरांवर आकडे वेगळे, म्हणून कोडमध्ये नावच लिही. एईएडी (माहिती लपवतानाच तिचा खरेपणाही तपासणारी पद्धत) डिक्रिप्शनमध्ये खरेपणाचा टॅग जुळला नाही की ईबॅडएमएसजी हा कोड येतो, तो वाटेत बदलू नकोस.

आणि हो, किल्ली मागणारं रिक्वेस्ट_की हे फंक्शन फसलं तरी नल (रिकामा पॉइंटर) देत नाही, एरर पॉइंटरातच गुंडाळून येते. आधी इझ_एर ने एरर आहे का ते तपास, मग पीटीआर_एर ने तिचा कोड काढ. नुसतं नल तपासून मीही एकदा कर्नल आडवा केलाय!